रेव्हरंड स्टीफन हेल्स

दवाखान्यांत डॉक्टर दंडाला पट्टी बांधून तींत हवा भरतात व रक्ताचा दाब सांगतात, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. तळ्याचा गड धांवत चढलेल्या मुलाला आपली नाडी कशी उडते हेंहि ठाऊक असतें. परंतु धमनींतील या रक्ताला जोर किती असतो, हें प्रथम मोजून पाहणारा पुरुष डॉक्टर नव्हता. तो इंग्लंडांतील एका खेड्याच्या मंडळीचा पाळक होता.

स्टीफन हेल्स यांचा जन्म १७ सप्टेंबर १६७७ रोजीं केंट परगण्यांत झाला. १६९६ सालीं ते केंब्रिजला गेले. शिक्षण धर्मशास्त्राचें, पण ओढा सृष्टीकडे. विल्यम स्टकली नांवाच्या मित्राबरोबर ते रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा करीत आणि खोलींत बसून बेडूक चिरून पाहत. १७०९ सालीं लंडननजीक थेम्सकांठच्या टेडिंग्टन गांवीं त्यांची नेमणूक झाली, आणि पुढें एकावन्न वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, ते तेथेंच राहिले.

रक्त शरीरांत फिरतें, हें विल्यम हार्वे यांनीं १६२८ सालींच सिद्ध केलें होतें. तें किती जोरानें फिरतें, हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. हेल्स यांनीं प्रथम कुत्र्यांवर व मग घोड्यांवर प्रयोग केले. एक चौदा वर्षांची घोडी आडवी बांधून त्यांनीं तिच्या मांडीची धमनी उघडली, तींत पितळेची बारीक नळी बसविली आणि तिला नऊ फूट लांबीची कांचेची नळी उभी जोडली. दुसऱ्या एका घोडीच्या वेळीं पितळ व कांच यांमध्यें लवचीक सांधा हवा होता. रबराची नळी त्या काळीं कोठली मिळणार? त्यांनीं हंसाच्या जातीच्या पक्ष्याची श्वासनळी वापरली. पहिल्या घोडीचें रक्त नळींत चढूं लागलें व हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर जाऊन तेथें ठोक्यागणिक खालींवर होऊं लागलें. म्हणजे उंच माणसानें हात वर केला तरी पोंचणार नाहीं, एवढ्या उंचीचा रक्ताचा स्तंभ त्या हृदयानें तोलून धरला होता!

ती घोडी शुद्धीवर होती. ईथरनें गुंगी आणण्याची कला जगाला माहीत झाली ती १८४६ सालीं. हा भाग वाचतांना आम्हांला वाईट वाटतें, आणि तसें वाटणें योग्यच आहे. हेल्स यांचे शेजारी व स्नेही, कवि अलेक्झांडर पोप, यांनाहि हे प्रयोग मुळींच रुचत नसत. खुद्द हेल्स यांना या चिरफाडीचा उबग आला आणि कित्येक वर्षें तें काम बाजूस ठेवून ते झाडांकडे वळले. मुळांनीं शोषलेलें पाणी पानांतून किती बाहेर जातें, हें त्यांनीं सूर्यफुलाची कुंडी रोज तोलून काढलें. त्यांचा वनस्पतींवरील ग्रंथ १७२७ सालीं निघाला व रक्तावरील १७३३ सालीं.

या दुसऱ्या ग्रंथांतील हिशेब शाळकरी मुलालाहि समजेल. मेलेल्या जनावराच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यांत वितळलेलें मेण ओतावें. तें थिजलें कीं कप्प्यांत रक्त किती मावतें तें कळतें. त्यास मिनिटाच्या ठोक्यांनीं गुणावें, म्हणजे मिनिटाचा प्रवाह निघाला. त्यास महाधमनीच्या छेदाच्या क्षेत्रफळानें भागावें, म्हणजे वेग निघाला. प्रत्येक ठोक्याला कप्पा पुरता रिकामा होतो असें यांत गृहीत धरलें आहे व तें अगदीं बरोबर नाहीं, पण वाट बरोबर होती. दोन ठोक्यांच्या मध्यें रक्त थांबत कां नाहीं, याचेंहि उत्तर त्यांनीं दिलें. आगीच्या बंबांतील हवेची कोठी जशी पाण्याची धार तुटूं देत नाहीं, तशा धमन्यांच्या ताणल्या जाणाऱ्या भिंती रक्ताचा ओघ चालू ठेवतात.

पुढें १८२८ सालीं फ्रान्सच्या प्वाझय यांनीं लांब नळीऐवजीं पारा घेतला, आणि १८९६ सालीं इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनीं दंडाची पट्टी काढल्यावर धमनी उघडण्याची गरजच उरली नाहीं. आतां प्रयोगशाळेंतील उंदरासारख्या जनावराच्या सुतासारख्या धमनीचा प्रवाहहि कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं मोजतां येतो. ओघाच्या दिशेनें त्या लौकर पोंचतात, उलट दिशेनें उशीरा, आणि या फरकावरून प्रवाह कळतो. जनावराला गुंगी देणें व वेदना टाळणें हा आज प्रयोगाचा नियम आहे. भारतांत १९६० च्या कायद्यानें त्यासाठीं समितीची तरतूद केली आहे.

हेल्स यांना १७३९ सालीं रॉयल सोसायटीचें कॉप्ले पदक मिळालें. आमच्या मतें मात्र त्यांचें मोठेपण याहून निराळ्या कामांत अधिक दिसतें. कोंदट जहाजांत व तुरुंगांत माणसें मरत. तेथें ताजी हवा खेळविणारे मोठे भाते त्यांनीं तयार केले. गोरगरिबांचे संसार बुडविणाऱ्या जिन दारूविरुद्ध त्यांनीं पुस्तिका लिहिली.

टेडिंग्टनला चांगलें पाणी नव्हतें, तें त्यांनीं आणविलें. तें आल्यावर, सत्तरी उलटलेल्या या पाळकानें मंडळीच्या नोंदवहींत त्याचेंहि मोजमाप लिहून ठेवलें: सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाचे तीन झोके होईतों दोन क्वार्टांचें भांडें भरतें, आणि त्या लंबकाची लांबी, खिळ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत, ३९.२ इंच. ४ जानेवारी १७६१ रोजीं ते वारले. त्यांना त्याच देवळाच्या मनोऱ्याखालीं पुरलें आहे.