डॉ. अधिकारींची व्याख्या आणि व्याख्येबाहेरची माणसे

२० मार्च ही तारीख आंबेडकरी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब आपल्या हजारो बांधवांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, २० मार्च १९२९ रोजी, इंग्रज सरकारने देशभर धाडी घालून कामगार पुढाऱ्यांना पकडले आणि मीरत कटाचा खटला उभा केला. पकडलेल्यांमध्ये महाड ज्या कुलाबा जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील पनवेलचा एक तरुण होता. त्याचे नाव डॉ. गंगाधर मोरेश्वर अधिकारी. डांगे आणि रणदिवे ही नावे आपल्या चळवळीत सर्वांना ठाऊक आहेत, बहुतेक वेळा ती रागानेच घेतली जातात. अधिकारींचे नाव मात्र कुणी घेत नाही. पण कम्युनिस्ट पक्षाने जे सिद्धांत मांडले, त्यांतील एक फार महत्त्वाचा सिद्धांत या माणसाने लिहिला होता. म्हणून त्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

अधिकारींचा जन्म ८ डिसेंबर १८९८ चा, खाडीकाठच्या पनवेलचा. मुंबईचे विल्सन कॉलेज आणि बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे रसायनशास्त्र शिकून ते १९२२ साली बर्लिनला गेले. त्याच वर्षी बाबासाहेबही काही काळ जर्मनीत बॉनला अभ्यासासाठी गेले होते. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातील ज्या संस्थेत अधिकारी दाखल झाले, ती मुळात इंजिनिअर घडवणारी संस्था. तेथे माक्स फोल्मर या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. बेन्झोफेनोन या पदार्थाच्या स्फटिकावर बसलेले रेणू तेथेच चिकटून राहत नाहीत, ते पृष्ठभागावरून सरकत असतात, हे या दोघांनी प्रयोगाने दाखवले आणि ते सरकणे मोजलेही. फोल्मर आणि अधिकारी यांच्या नावावरचे हे काम या विषयाच्या इतिहासात आजही नोंदले जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर फोल्मर स्वतः दहा वर्षे सोव्हिएत रशियात जड पाण्याच्या कामावर होते. त्यांचा शिष्य मात्र प्रयोगशाळेत थांबला नाही. बर्लिनच्या रस्त्यावर त्याने कामगारांचे मोर्चे पाहिले, मार्क्स वाचला, जर्मन कम्युनिस्ट पक्षात काम केले आणि डिसेंबर १९२८ मध्ये तो मायदेशी परतला.

हे परतणे ध्यानात घ्या. ज्या सहा वर्षांत अधिकारी बाहेर होते, त्याच वर्षांत त्यांच्या जिल्ह्यात इतिहास घडला. दासगाव बंदराजवळचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडच्या परिषदेसाठी जिवाचे रान केले. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब पद्मावती बोटीने दासगावला उतरले आणि महाडला मनुस्मृती जळाली. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. तेव्हा विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तेथे धागा तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण मजुराला त्याचा विटाळ होई. हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे बाबासाहेबांना ठेवावा लागला. अधिकारी आले तोवर संप मिटला होता. येऊन चार महिने होण्याच्या आतच ते तुरुंगात गेले. आपल्या देशाची त्यांची नवी ओळख झाली ती अशी, कोठडीच्या आतून.

तुरुंगातील काळ त्यांनी वाया घालवला नाही. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचे मराठी भाषांतर त्यांनी तेथे केले आणि ते १९३१ साली प्रसिद्ध झाले. १९३३ साली सुटल्यावर विस्कळीत पक्षाची तात्पुरती केंद्रीय समिती उभी राहिली, तिचे सचिवपद त्यांच्याकडे आले. पुन्हा अटक झाली, विजापूरला स्थानबद्धता आली, तेथून ते निसटले. १९४३ साली मुंबईत पक्षाचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा निवडलेल्या पॉलिटब्युरोत तीनच माणसे होती : जोशी, रणदिवे आणि अधिकारी. सोव्हिएत देशात ब्रेझनेव्ह, कोसिगिन यांच्यासारखे इंजिनिअर कारखान्यातून सत्तेच्या खुर्चीपर्यंत चढले. इथल्या शास्त्रज्ञाला तुरुंग आणि भूमिगत जीवन मिळाले. हा त्याग खरा आहे आणि तो नाकारण्याचे आपल्याला काही कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. जुलै १९४२ हा महिना विलक्षण होता. नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते हाती घेतले. ते इंजिनिअर नव्हते, पण दामोदर खोऱ्याच्या आणि देशाच्या वीज-पाण्याच्या योजनांचा पाया त्यांच्याच खात्याने घातला. त्याच महिन्यात कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली. आणि दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, पक्षाच्या केंद्रीय समितीपुढे अधिकारींनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला अहवाल मांडला. भारत हे एक राष्ट्र नसून अनेक राष्ट्रीयत्वांचा देश आहे आणि प्रत्येकाला स्वयंनिर्णयाचा, वेळ आल्यास फुटून निघण्याचाही अधिकार आहे, असे त्याचे सार. काँग्रेस हा प्रश्नच नाकारत होती. अधिकारींनी तो नाकारला नाही, हे त्यांचे धाडस.

पण मोजमाप कोणते वापरले? स्टालिनने १९१३ साली केलेली राष्ट्राची व्याख्या : एक भाषा, एक सलग प्रदेश, एक आर्थिक जीवन, एक मानसिक घडण. या साच्यात पठाण बसले, सिंधी बसले, बंगाली, आंध्र, महाराष्ट्रीय बसले. अस्पृश्य बसले नाहीत. कसे बसणार? ज्याचा महारवाडा प्रत्येक गावाच्या बाहेर आहे, त्याचा सलग प्रदेश कोठून आणायचा? गंमत अशी की, नागपूरच्या परिषदेने त्याच जुलैत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची, स्वतंत्र गावांची मागणी केली होती. म्हणजे व्याख्येतली जी अट आपण पुरी करू शकत नव्हतो, तीच जमीन आपण मागत होतो. मोठ्या कष्टाने रेणूची हालचाल मोजणाऱ्या माणसाला ही मागणी मोजावीशी वाटली नाही.

बाबासाहेबांनी पाकिस्तानवर दोन वर्षे आधीच, डिसेंबर १९४० मध्ये, ग्रंथ लिहिला होता. त्यांनी लोकसंख्या पाहिली, प्रांतांचा महसूल पाहिला, सैन्यात कोणत्या भागातून किती माणसे जातात ते पाहिले, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे कोर्टात मांडावे तसे मांडले. अधिकारींनी बाहेरून आलेली व्याख्या घेतली आणि देश तिच्यात बसवला. माझ्या मते आंबेडकरी आणि कम्युनिस्ट यांच्यातील दुराव्याचे मूळ केवळ १९५२ च्या निवडणुकीतील कुजवलेल्या मतांत नाही. ते या पद्धतीतही आहे. आणखी चार वर्षांनी पक्षाने पाकिस्तानविषयीची ही भूमिका सोडली, पण जातीसाठी निराळे मोजमाप लागते हे तेव्हाही कुणी म्हटले नाही.

कुणी म्हटले नाही, हे तितकेसे खरे नाही. दासगावचे मोरे १९३० साली कम्युनिस्ट पक्षात गेले होते. बाबासाहेबांवरची निष्ठा न सोडता ते गेले आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नावर पक्षाच्या नेत्यांना टिपणे लिहून देत राहिले. पनवेल आणि दासगाव, एकाच जिल्ह्यातील दोन बंदरे. एकाचा अहवाल पक्षाचा सिद्धांत झाला, दुसऱ्याची टिपणे फायलीत गेली.

१९६४ साली पक्ष फुटल्यावर अधिकारी जुन्या पक्षात राहिले, मोरे मार्क्सवादी पक्षात गेले. उतारवयात अधिकारींनी पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रे जमवून त्यांचे जाडजूड खंड संपादित केले. संशोधक आजही ते उघडतात. २१ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. मोरे ११ मे १९७२ रोजीच गेले होते. त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने निघायला २००३ साल उजाडावे लागले.