सुरुंगाचे द्रव्य, हृदयाचे औषध

दर ऑक्टोबरमध्ये आल्फ्रेड नोबेल यांचे नाव जगभरातील वृत्तपत्रांत झळकते. डायनामाइटचा जनक आणि पारितोषिकांचा संस्थापक ही त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. मात्र ज्या नायट्रोग्लिसरीनवर त्यांनी उद्योगसाम्राज्य उभारले, तेच आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी त्यांना औषध म्हणून सुचवले होते, ही हकिकत फारशी ठाऊक नाही.

नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. वडील इमॅन्युएल यांनी रशियात नशीब आजमावले आणि १८४२ मध्ये कुटुंब सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे खासगी शिक्षकांच्या हाताखाली आल्फ्रेड यांनी पाच भाषा आणि रसायनशास्त्र आत्मसात केले.

इटालियन रसायनज्ञ आस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन तयार केले होते. त्याचा थेंबभर अंश जिभेला लावला तरी डोके असह्य ठणकते, हेही त्यांनी नोंदवले होते. धक्क्याने फुटणाऱ्या या द्रवाला वेसण घालण्याचा ध्यास नोबेल यांनी घेतला. त्याची किंमत जबर होती. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथे झालेल्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल याच्यासह अनेकांचा बळी गेला. तरीही त्यांनी प्रयोग सोडले नाहीत. हा द्रव सच्छिद्र मातीत मुरवून त्यांनी १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट मिळवले.

कारखान्यांत मात्र एक कोडे निर्माण झाले. रविवारची सुटी संपवून परतलेल्या कामगारांचे डोके सोमवारी दुखू लागे. उलट हृदयशूलाचा त्रास असलेल्या काहींना कामावर आराम पडे आणि सुटीच्या दिवशी कळा येत. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये नायट्रोग्लिसरीन हृदयशूलावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. नावाने रुग्ण बिचकू नयेत म्हणून औषधाच्या दुकानात ते ट्रायनिट्रिन या नावाने मिळे.

इटलीतील सान रेमो येथे राहणाऱ्या नोबेल यांनाही हृदयविकाराने गाठले. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये सहकारी राग्नार सोल्मान यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नियतीच्या या थट्टेचा उल्लेख केला. त्याच वर्षी १० डिसेंबरला मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. औषध नेमके कसे काम करते, हे त्यांना कळले नाही. त्यांच्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हते.

त्याचे उत्तर मिळण्यास सुमारे ऐंशी वर्षे लागली. नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू मुक्त होतो, हे फरीद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवले. रक्तवाहिनीचा आतला स्तर स्वतःच स्नायू सैल करणारा संदेश धाडतो, हे रॉबर्ट फर्चगॉट यांना १९८० मध्ये आढळले. हा संदेश म्हणजे तोच वायू, असा निष्कर्ष फर्चगॉट आणि लुईस इग्नॅरो यांनी १९८६ मध्ये स्वतंत्रपणे मांडला.

हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरून सीजीएमपी नावाच्या रेणूचे प्रमाण वाढवतो. त्यामुळे पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची सूक्ष्म द्वारे, म्हणजे आयन चॅनेल, उघडतात. पोटॅशियम बाहेर पडताच कॅल्शियमची द्वारे मिटू लागतात. पेशीतील कॅल्शियम घटते, स्नायू सैलावतो आणि रक्तवाहिनी रुंदावते. इस्ट्रोजेन आणि इन्सुलिन ही संप्रेरकेही रक्तवाहिनीच्या आतल्या स्तराला हा वायू तयार करण्यास प्रवृत्त करतात. आपल्याकडे हृदयरुग्ण जिभेखाली ठेवतात त्या नायट्रेटच्या गोळीचे कार्यही याच मार्गाने चालते.

या संशोधनासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॉकहोममध्ये ते प्रदान झाले १० डिसेंबरला, नोबेल यांच्या १०२ व्या स्मृतिदिनी.