इल्या मेच्निकॉफ

शरीरांत रोगजंतु शिरले असतां शरीर त्यांच्याशीं झुंजतें, हें आज शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु ह्या झुंजीचें गूढ प्रथम उकललें तें मनुष्याच्या देहांत नव्हे, तर समुद्रांतील एका क्षुद्र जीवाच्या देहांत. तें उकलणाऱ्या शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

इल्या मेच्निकॉफ यांचा जन्म इ. स. १८४५ मध्यें रशियन साम्राज्यांतील खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यांत झाला. तो प्रदेश आज युक्रेन देशांत आहे. त्यांची बुद्धि इतकी तीव्र, कीं विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनीं दोनच वर्षांत पुरा केला. १८७० सालीं ते ओडेसा येथें प्राध्यापक झाले. पण गृहसौख्य त्यांच्या वांट्यास फारसें आलें नाहीं. पहिली पत्नी १८७३ मध्यें क्षयानें वारली. पुढें दुसरी विषमज्वरानें अत्यवस्थ होऊन कशीबशी वांचली. ज्याच्या घरांत रोगानें असें ठाण मांडलें, तो रोगाच्या मुळाशीं जाऊं पाहील यांत नवल तें काय?

विद्यापीठांतील कलहास कंटाळून १८८२ सालीं त्यांनीं जागा सोडली व ते सिसिली बेटावरील मेसिना येथें राहिले. तेथें ते तारामाशाच्या अळ्या सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहत. ह्या अळ्या कांचेसारख्या पारदर्शक; म्हणून आंतील पेशींची हालचाल सरळ दृष्टीस पडे. पेशी अन्नकण गिळतात, तशाच त्या शत्रूवरही चालून जात असतील काय, अशी शंका त्यांस आली. त्यांनीं बागेंतील गुलाबाचे कांटे अळ्यांच्या अंगांत टोंचले. त्या रात्रीं त्यांस झोंप आली नाहीं. सकाळीं पाहतात तों प्रत्येक कांट्याभोंवतीं पेशींचा वेढा पडलेला!

पण कांटा म्हणजे कांहीं रोग नव्हे. म्हणून त्यांनीं पाण्यांतील चिमुकली पाणपिसू घेतली. तिच्या पोटांतून एका बुरशीचे टोंकदार बीजाणु शरीरांत घुसत. पेशींनीं ते गिळून टाकले तर पिसू जगे. न गिळले तर मरे. १८८४ मध्यें हें प्रसिद्ध झालें. त्यानंतर काळपुळीचे जंतु घेऊन त्यांनीं बेडूक व ससे यांवर तोच शोध पुढें नेला.

जर्मनींतील विद्वानांस हें मत रुचलें नाहीं. रक्षण करतें तें रक्तांतील द्रव्य, पेशी नव्हेत, असें त्यांचें म्हणणें. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत राहून मेच्निकॉफ यांनीं हा वाद वर्षानुवर्षें चालविला. अखेर १९०८ चें नोबेल पारितोषिक त्यांस व रक्तद्रव्याचा पक्ष घेणारे पॉल एर्लिख यांस विभागून मिळालें. दोघांचेंही खरें होतें. तारामाशाच्या अंगीं तसें रक्तद्रव्य नसतें. म्हणून पेशींचें कार्य तेथें स्वच्छ दिसलें, आणि दुसरी बाजू मात्र तेथें दिसणें शक्य नव्हतें. साध्या जीवापासून काय शिकतां येतें व काय येत नाहीं, हें ह्या वादानें शिकविलें.

१९१६ सालीं पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें. १८९७ च्या आरंभीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेणारे हाफकिन हे ओडेसा येथील त्यांचेच शिष्य होत. आजही झेब्रामाशाच्या पारदर्शक पिलांत क्षयजंतूच्या एका भाऊबंदाशीं पेशी कशा लढतात, हें शास्त्रज्ञ पाहत असतात. विद्यार्थिमित्रहो, डबक्यांतील पिसूही तुच्छ लेखूं नका. नीट पाहणाऱ्यास तीही गुरु होते.