पू. साने गुरुजी : तुरुंगाचे दार आणि राउळाचे दार

आपल्या कऱ्हाकाठच्या माणसाला पंढरीची वाट नवी नाही. दरवर्षी तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत सराटीस येते आणि नीरा ओलांडून पुढे जाते. घरोघरचा माणूस तिच्यामागे चालू लागतो. परंतु ज्या राउळाकडे ही वाट जाते, तेथे १९४७ सालापर्यंत अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पाऊल टाकता येत नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर. तेथूनच हात जोडून माघारी फिरावयाचे. ते दार ज्यांनी उघडविले त्या पू. साने गुरुजींचे स्मरण जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी होणे उचित होय.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. नावातच पांडुरंग! घरची गरिबी सोसून ते एम. ए. झाले व १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक लागले. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे आवरणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा असा हा मास्तर. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी कायमची नोकरी सोडली. त्या काळी लागलेली नोकरी सोडणे म्हणजे काय, हे संसारी माणसासच कळेल.

हाती शस्त्र नाही, कोणास दुखविले नाही. गावोगाव स्वराज्याची भाषणे केली एवढाच अपराध. धुळ्याचा तुरुंग झाला, तेथून दूर तामिळ मुलखात त्रिचनापल्लीस धाडले. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे राजबंदी भेटले, परभाषा कानी पडल्या आणि आंतरभारतीचे बीज मनात रुजले. १९३२ साली पुन्हा धुळे. विनोबाजीही तेथेच कैदेत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि गुरुजींनी तो उतरून घेतला. आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने' ती हीच. पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. सरकारने माणूस कोंडला, पण त्याची आई साऱ्या महाराष्ट्राची झाली! बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले, १९४३ साली पकडले गेले व १९४५ साली सुटले.

स्वराज्य आता दाराशी आले होते. दुसरा कोणी असता तर मानाच्या जागेकडे पाहिले असते. गुरुजींनी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक बरोबर घेऊन गावोगाव दौरा काढला. कित्येक गावांनी देवळे व पाणवठे मोकळे केले. पंढरपूर मात्र हलेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. गांधीजींना कोणी काय कळविले कोण जाणे, उपोषण सोडावे अशी त्यांची तार आली. ज्यांच्या हाकेवर नोकरी सोडली त्यांचीच ही आज्ञा! गुरुजींच्या मनाला केवढी यातना झाली असेल. तरीही ते ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. मंदिर खुले होण्यापूर्वी कोणी देवाचे तेज घागरीत काढून ठेविले, असेही सांगतात. विठोबा काही घागरीत मावणारा नव्हे. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिर प्रवेशाचा कायदा केला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पण गांधीजींच्या हत्येने मन खचले होते ते पुन्हा उभारी धरेना. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली.