भाच्याची बंद केलेली मदत आणि हजरत अबूबकर (रजि.)

मक्केत हजरत अबूबकर (रजि.) यांचा कापडाचा व्यापार होता. मूळ नाव अब्दुल्लाह, घराणं कुरैशमधलं बनू तैम. वयाने ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापेक्षा दोन-अडीच वर्षांनी लहान. स्वभाव मऊ आणि व्यवहार चोख, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. प्रेषितांनी (स.) इस्लामचं आवाहन केलं तेव्हा त्यांनी जराही का-कू केली नाही.

रिवायतींमध्ये येतं की त्या वेळी त्यांच्याकडे ४०,००० दिरहम होते आणि इ.स. ६२२ मध्ये हिजरत करताना फक्त ५,००० उरले होते. बाकीचा पैसा गेला कुठे? त्यातला बराचसा गुलामांना सोडवण्यात गेला. तापलेल्या वाळूवर छळले जाणारे हजरत बिलाल (रजि.), तसेच आमिर बिन फुहैरा (रजि.), जिन्नीरा (रजि.) अशा अनेकांना त्यांनी विकत घेऊन मुक्त केलं. वडील अबू कुहाफा यांना हे पटत नसे. सोडवायचेच असतील तर धडधाकट माणसं सोडव, उद्या तुझ्या पाठीशी तरी उभी राहतील, असं त्यांचं म्हणणं. पण अबूबकर (रजि.) यांना परतफेड नको होती, अल्लाहची रजा हवी होती. सूरह लैलच्या शेवटच्या आयती त्यांच्याबद्दलच उतरल्या, असं अनेक मुफस्सिर सांगतात.

परतफेडीची आशा न ठेवता देणं कठीणच. पण उपकाराच्या बदल्यात घाव मिळाला, तर? ही परीक्षा मदीनेत आली.

मिस्तह बिन उसासा (रजि.) हे त्यांच्या मावसबहिणीचे चिरंजीव, म्हणजे नात्याने भाचे. गरीब मुहाजिर, बद्रच्या लढाईत सामील झालेले. त्यांचा खर्च अबूबकर (रजि.) चालवत होते. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. तो शोधण्यात त्या मागे राहिल्या आणि मुनाफिकांनी त्यांच्या चारित्र्यावर तोहमत रचली. ती अफवा पसरवणाऱ्यांच्या तोंडात तोंड घालणाऱ्यांत मिस्तहही होते. ज्याच्या घरचं खाल्लं, त्याच्याच लेकीबद्दल! आयशा (रजि.) यांच्या कानावर ही गोष्ट पहिल्यांदा घातली ती मिस्तह यांच्या आईनेच, आणि तीही स्वतःच्या मुलाला बोल लावत.

आयशा (रजि.) माहेरी आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुकेनात. बाप समोर बसलेला, पण काय बोलावं ते त्यालाही सुचेना. महिनाभर वह्य आली नाही. अखेर सूरह नूरच्या आयती उतरल्या आणि अल्लाहनेच त्यांना निर्दोष ठरवलं. तेव्हा अबूबकर (रजि.) यांनी शपथ घेतली की यापुढे मिस्तहवर एक दिरहमही खर्च करणार नाही. कोणत्या बापाने याहून वेगळं केलं असतं?

त्यावर सूरह नूरची २२ वी आयत आली. तिचा आशय असा की तुमच्यातल्या फज्लवाल्या आणि ऐपतदार लोकांनी नातेवाईक, गरजू आणि अल्लाहच्या मार्गात हिजरत करणारे यांना न देण्याची शपथ घेऊ नये. माफ करावं, सोडून द्यावं. अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? मिस्तह नातेवाईकही होते, गरजूही आणि मुहाजिरही. आणखी एक गोष्ट पाहा. लगेच आधीच्या आयतीत सांगितलंय की अल्लाहचा फज्ल नसता तर तुमच्यातला कुणीच कधी पाक झाला नसता. म्हणजे ज्याला आपण आपला मोठेपणा समजतो, तोही मुळात त्याचीच देणगी. मग ती अडवून धरणारे आपण कोण?

अबूबकर (रजि.) यांनी क्षमेची आपली ओढ कबूल केली, शपथ मोडली आणि मिस्तह यांचा खर्च पुन्हा सुरू केला, तो कधीही बंद न करण्याच्या निश्चयाने. तोहमतीची शिक्षा मिस्तह यांना झाली, असं रिवायतीत आहे. म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घातलं गेलं नाही. पण शिक्षा वेगळी आणि घरातली भाकर वेगळी.

इ.स. ६३२ मध्ये ते पहिले खलीफा झाले. त्याआधी ते शेजाऱ्यांच्या बकऱ्यांचं दूध काढून द्यायचे. खलीफा झाल्यावरही सुरुवातीचे काही महिने तो नेम त्यांनी सोडला नाही. सव्वादोन वर्षांनी, ६३४ मध्ये, आजारपणात त्यांनी सांगितलं की अंगावरचेच जुने कपडे धुऊन कफनाला वापरा, नव्या कापडाची गरज जिवंतांना जास्त असते. आयुष्यभर कापड विकलेल्या माणसाची ही वसीयत! प्रेषितांच्या (स.) शेजारीच त्यांना दफन करण्यात आलं.

आपल्याकडे एखाद्या शब्दावरून भाऊ-बहीण वर्षानुवर्षं बोलत नाहीत, लग्नाला बोलावत नाहीत, अडल्यानडल्याला दिलेला हात काढून घेतात. कधी कधी आपली बाजू खरीही असते. अबूबकर (रजि.) यांची तर शंभर टक्के खरी होती. तरीही नमाजनंतर दुआला हात उचलताना आपण रोज माफीच मागतो ना? अल्लाह आपल्याला माफी मागण्याबरोबर माफी देण्याचीही तौफीक देवो. आमीन.