मक्याच्या पेशीतला ठिपका

आमचे घर भोपाळच्या बाग सेवनियात. पावसाळा लागला की रस्त्याकडेला शेगड्या पेटतात आणि भाजल्या भुट्ट्यांचा वास सुटतो. असे कणीस हाती आले, की मला बार्बरा मॅक्लिंटॉक आठवतात आणि थोडी शरमही वाटते.

या विदुषींचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. मुलगी फार शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, अशी आईला धास्ती होती. तरीही त्यांनी १९२७ साली कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे मक्याची दहाही गुणसूत्रे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळी ओळखून दाखवली.

पेशीच्या केंद्रकात एक गर्द ठिपका दिसतो, ती केंद्रिका. मक्यात ती सहाव्या गुणसूत्रावरील ठराविक जागी तयार होते. नेमकी ती जागाच तुटलेली रोपे बाईंनी तपासली, तेव्हा दोन्ही तुकड्यांपाशी केंद्रिका आढळली. म्हणजे ती घडवण्याचे सामर्थ्य त्या जागेतच होते. हे त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केले. पण केंद्रिकेचे कार्य काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा आरएनए तेथे तयार होतो, हे नंतर कळले. १९९६च्या सुमारास आणखी उलगडा झाला. स्नो-आरएनए हे छोटे रेणू तेथे वाटाड्याचे काम करतात. रायबोसोमच्या आरएनएतील नेमक्या भागाशी ते जुळतात आणि त्यांच्यासोबतची प्रथिने तेथे बदल घडवतात. सी-डी गटातील रेणू मिथिल गट बसवण्याची जागा दाखवतात, तर एच-एसीए गटातील रेणू युरिडीनचे स्यूडोयुरिडीन कोठे करायचे ते दाखवतात. माणसात असे सुमारे २०० बदल होतात.

हे पाहायला बाई नव्हत्या. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या. जागा बदलणाऱ्या जनुकांचे त्यांचे संशोधन १९५१ साली सहकाऱ्यांच्या पचनी पडले नव्हते. त्याबद्दल नोबेल मिळाले ते १९८३ साली, वयाच्या ८१व्या वर्षी. मधल्या काळात त्यांनी मक्याचा अभ्यास सोडला नाही.

आणि मी? पहिल्या वर्षी कांद्याच्या पापुद्र्याची आकृती पुस्तकावरून उतरवली. केंद्रिका पाहिलीच नव्हती, तरी ठिपका काढला. गुण पूर्ण मिळाले. ती आकृती अजून वहीत आहे. यंदा तीच स्लाइड पुन्हा करायची आहे, आणि दिसेल तेवढेच काढायचे आहे.