डॉ. होमी भाभा : अणूतून वीज काढायला निघालेला माणूस

शिनोली (ता. आंबेगाव) : रात्रीची थ्री फेज लाइट आली की बॅटरी घ्यायची आणि बिबट्याच्या धाकात मोटार चालू करायला निघायचं. आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याला हे नवं नाही. दिवसरात्र पुरेल एवढी वीज आणायची कुठून, या प्रश्नामागे एका माणसानं सगळं आयुष्य घातलं. ते म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी घरात त्यांचा जन्म झाला. पोरानं इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं, असं घरच्यांना वाटायचं. त्यासाठी १९२७ ला त्यांना केंब्रिजला धाडलं. त्यांनी इंजिनिअरिंग पुरं केलं, पण मन भौतिकशास्त्रात रमलं. १९३९ ला ते सुट्टीवर आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ते इथंच राहिले. १९४५ मध्ये टाटांच्या मदतीनं त्यांनी टीआयएफआर ही संशोधन संस्था काढली. आपल्या शेजारच्या खोडदची मोठी दुर्बीण याच संस्थेची.

१९४८ ला अणुऊर्जा आयोग झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्यांचा हिशोब सरळ होता. कोळशाच्या खाणी लांब पूर्वेकडं, मुंबई-गुजरातपर्यंत वाघिणी भरून आणायचा खर्च मोठा. युरेनियमचा अणू फुटला की उष्णता मिळते, तिच्यावर पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. इंधन थोडं लागतं, धूर नाही, ऊन-पावसावर अवलंबून राहणं नाही. पुढं केरळच्या वाळूतलं थोरियम वापरायचं, हीही त्यांचीच योजना.

या विचारातून तारापूर ठरलं. पण तिथली वीज त्यांना पाहता आली नाही. २४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना त्यांचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर कोसळलं. वय अवघं ५६. तारापूर सुरू झालं १९६९ ला.

त्यांचा अंदाज मात्र चुकला. १९८० पर्यंत आठ हजार मेगावॅट अणुवीज होईल असं त्यांनी धरलं होतं, प्रत्यक्षात हजारही झाली नाही. प्रकल्पांना पैसा फार आणि वर्षं फार लागली. वापरलेलं इंधन हजारो वर्षं घातक राहतं, ते सांभाळावं लागतं. चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) इथं अपघातानंतर गावंच्या गावं रिकामी करावी लागली. जैतापूरला लोकांनी विरोध केला, त्यामागं हीच भीती आणि जमिनीचा प्रश्न होता. आजही देशातल्या शंभर युनिट विजेत अणूची जेमतेम तीनच.

तारापूरला पुढच्या अणुभट्ट्या उभ्या राहताना अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. मच्छीमारांचा समुद्र लांब गेला. डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालेलं पाहिलेल्या माणसाला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. धरण असो की अणुभट्टी, लाइट सगळ्यांच्या घरात येते, गाव मात्र थोड्यांचं जातं.

भाभांनी विजेची वाट दाखवली. तिची किंमत कुणी आणि किती द्यायची, हा हिशोब त्यांच्यामागं राहिलेल्यांना करायचा आहे.